माप हललं तेव्हा

तुर्कू, ११ जानेवारी २००५

आज कैसूने माझ्या प्रयोगवहीतली एक ओळ खोडली. मी लिहिलं होतं, 'हे आकडे बघून मला बरं वाटत नाही.' तिने खाली पेन्सिलीने लिहिलं, 'मारित, तुला काय वाटतं ते घरी लिही. इथे काय दिसलं तेवढंच लिही.' म्हणून ही वही आणली. दुकानात निळी नव्हती, हिरवी घेतली.

कैसू हिएतानेन आमच्या प्रयोगशाळेची प्रमुख. उन्हाळ्यात निवृत्त होते आहे. गेली बारा वर्षं तिने एकाच दुखण्याचा पिच्छा पुरवला. म्हातारपणी डोक्याच्या धमन्या सुजतात, कानशील ठणकतं, आणि वेळेवर स्टिरॉइड मिळालं नाही तर एखाद्या सकाळी माणूस उठतो तो एका डोळ्याने आंधळा. गोळ्यांनी सूज बसते. पण त्याच गोळ्या हाडं पोखरतात, झोप उडवतात, तोंड फुगवतात. प्रत्येक रोगी विचारतो, 'डॉक्टर, कमी कधी करणार?' भरभर कमी केल्या तर डोळा जायचा, उगाच चालू ठेवल्या तर माणूस जिन्यावरून पडून खुबा मोडून घ्यायचा.

कैसूच्या तपासणीत त्याचं उत्तर मिळतं. रक्तातल्या पांढऱ्या पेशींत दाहाचं एक जनुक किती जोरात काम करतंय ते आम्ही मोजतो. पण 'किती' म्हणजे कशाच्या मानाने? एका नळीत पेशी जास्त येतात, दुसरीत कमी. म्हणून सोबत असं एक जनुक मोजायचं जे प्रत्येक पेशीत, निरोगी असो की आजारी, सारखंच चालतं. त्याला संदर्भ जनुक म्हणतात. आमचं संदर्भ जनुक गॅपडीएच, साखर जाळायचं रोजचं काम करणारं. दाहाचं जनुक भागिले गॅपडीएच. भागाकार लहान आला की रोग शांत, गोळ्या कमी करा. इतकं साधं.

नवीन यंत्र आलं आहे. ते नीट चालतं का बघायला मी सगळ्या नमुन्यांतून अगदी सारखं वजन घेऊन नुसतं गॅपडीएच मोजलं. यंत्राच्या पडद्यावर सगळ्या रेघा एकावर एक यायला हव्या होत्या. निरोगी माणसांच्या आल्या. ज्यांचा रोग भडकला होता त्यांच्या रेघा दोन फेऱ्या आधीच वर आल्या. यंत्र दर फेरीला नळीतल्या प्रती दुप्पट करतं, म्हणून मुळात माल जितका जास्त तितकी रेघ लवकर वर चढते. म्हणजे त्यांच्यात गॅपडीएच चौपट होतं.

यंत्र बिघडलं असावं.

१४ जानेवारी

यंत्र बिघडलेलं नाही. जुन्या यंत्रावरही तेच.

अंतेरोला दाखवलं. तो आमचा संख्याशास्त्रज्ञ, आठवड्यातून तीन दिवस आमच्याकडे असतो, आणि माझ्यापेक्षा जास्त कॉफी पितो. त्याने कागद डोळ्यांपासून लांब धरला.

"तुला माहीत आहे ना हे काय आहे?"

"माहीत आहे म्हणून तुला विचारतेय. माझं चुकतंय असं सांग."

"ते मला सांगता यायचं नाही. दाह वाढला की पेशी खवळते, खवळली की साखर जास्त जाळते. वरचा आकडा चौपट झाला, खालचाही चौपट झाला. भागाकार तिथल्या तिथे. आग लागलीय आणि तुझी तपासणी म्हणते, सगळं शांत."

"पण कैसूने पहिल्या वर्षी रोगी पकडले होते की याच भागाकाराने."

"कडकडून भडकलेले पकडले असतील. त्यांच्यात वरचा आकडा शंभरपट जातो, खालच्या चौपटीने काय बिघडतं? राखेखाली धुमसणारे निसटतात."

नेमकी धुमसणाऱ्यांसाठीच तर आहे ही तपासणी.

मार्चपासून चार शहरांत साठ रोग्यांवर अभ्यास सुरू व्हायचा आहे. कैसूच्या नोकरीतलं शेवटचं काम. सोमवारी तिला सांगायचं, असं अंतेरो म्हणतो. 'तू सांग,' असंही म्हणतो.

१६ जानेवारी

बर्फात दोन तास चालून आले. सांगावं की उन्हाळ्यापर्यंत थांबावं? ती सन्मानाने जाईल, मग आम्ही गुपचूप दुरुस्त करू. असा विचार मी पुलापासून चर्चपर्यंत केला. मग अभ्यासातले साठ जण आठवले आणि त्या विचाराची लाज वाटली. पण विचार आला होता हे खरं.

१७ जानेवारी

सांगितलं.

ती टेबलाशी डब्यातली बार्लीची लापशी खात होती. मी कागद पुढे ठेवले. तिने चमचा बाजूला ठेवला आणि वाचलं. बराच वेळ वाचलं.

"पुन्हा करून बघितलंस?"

"तीनदा. दोन्ही यंत्रांवर."

"नमुने वेगवेगळे?"

"वेगवेगळे."

तिने चष्मा काढून स्वेटरला पुसला. मला वाटलं आता अभ्यासाचं विचारेल, बारा वर्षांचं काहीतरी बोलेल. मी उत्तरं घोकून गेले होते.

ती म्हणाली, "आत्ता या घडीला आपल्या तपासणीच्या भरवशावर कोणाकोणाच्या गोळ्या कमी केल्यात?"

पूर्वतयारीसाठी आम्ही नऊ जण घेतले होते, त्यातल्या तिघांच्या. मी नावं सांगितली.

"पण कैसू, अजून काही सिद्ध झालेलं नाही. आधी दुसरी संदर्भ जनुकं शोधू, सगळं नव्याने मोजू, मग..."

"शोधू ना. तो महिन्यांचा धंदा आहे. गोळ्या आज."

आणि माझ्यासमोरच फोन उचलला. तिघांनाही तिने स्वतः फोन केला, सचिवाला सांगितलं नाही. प्रत्येकाला एकच वाक्य: 'मी जे मोजमाप वापरलं त्यावर आता माझा विश्वास नाही, म्हणून डोस पुन्हा पूर्वीइतका करा आणि उद्या रक्त द्यायला या.' दोघी बायका होत्या, त्या बऱ्या होत्या, त्यांनी ऐकलं. तिसरा आल्पो, बाहेरच्या बेटावर राहतो, जहाजांना खडकांतून वाट दाखवणारा निवृत्त वाटाड्या. तो म्हणाला, मी ठणठणीत आहे, तुमच्या त्या विषाची एक गोळी वाढवणार नाही. फोन ठेवून दिला.

"परवा बेटाची फेरीबोट किती वाजता आहे?" कैसूने मला विचारलं. लापशी तशीच गार झाली होती.

तिच्या जागी मी असते तर आधी दार लावून घेतलं असतं.

१९ जानेवारी

बेटावरून आत्ता आले. अंगातली थंडी जात नाही, पण लिहून ठेवते.

सकाळी दोन फेरीबोटी बदलून गेलो. पातळ बर्फ फोडत फेरीबोट चालली होती. आल्पोच्या घराला हिरवा दरवाजा, आत लाकडाची चूल, आणि त्याची बायको हिल्का, जिने आम्हाला बघताच कपाटातून आणखी दोन कप काढले. आल्पो उंच, तांबूस, हात मागे बांधून उभा.

"इतक्या लांब आलात डॉक्टरबाई, तर कॉफी घ्या. गोळ्यांचं बोलायचं नाही."

"मी गोळ्यांचंच बोलायला आलेय," कैसू म्हणाली. "मग कॉफी आधी पिऊ की नंतर?"

तो हसला नाही, पण बसला. "ऑक्टोबरात तुम्हीच म्हणालात, रक्त शांत आहे. मी सात आठवडे झोपलोय, माणसासारखा. तोंड बघा, पुन्हा माझं तोंड झालंय. आता म्हणता यंत्र चुकलं."

"यंत्र चुकलं नाही. मी चुकले. एक गोष्ट मी स्थिर धरून चालले होते आणि तिच्याशी ताडून तुमचा रोग मोजत होते. ती स्थिर नव्हती. रोगाबरोबर तीही वर जात होती."

मी खिडकीबाहेर बघत होते. प्राध्यापक असं बोलतात हे मी कधी ऐकलं नव्हतं.

आल्पो खिडकीकडे बोट करून म्हणाला, "ते बोटघर दिसतंय? आजोबांनी बांधलं तेव्हा पायरीशी पाणी होतं. आता पाण्यापर्यंत वीस पावलं. ते म्हणायचे, समुद्र आटतोय. खडकावर खुणा करून ठेवल्या होत्या त्यांनी."

"आणि वर येत होती जमीन," कैसू म्हणाली.

"खुणा केलेला खडकच वर येत होता." त्याने मान हलवली. "पण म्हणून मला काही होतंय असं नाही ना."

"डोकं दुखतं?"

"नाही."

"कानशिलाला हात लागला तर?"

"नाही."

"जेवण?"

"उत्तम."

हिल्का ओट्याशी पाठमोरी होती. ती म्हणाली, "पावाचं सांग."

"काय पावाचं?"

"डॉक्टरबाई, राय धान्याचा पाव याला दगडासारखा लागतो असं कधी झालं नव्हतं. आता कॉफीत बुडवून खातो. चार घास चावले की जबडा धरून बसतो. मी विचारलं तर म्हणतो, तुझा पावच बिघडलाय. पन्नास वर्षं तोच पाव भाजतेय मी."

कैसूने कप खाली ठेवला. जबड्याला रक्त कमी पडलं की असं होतं, तेवढं मलाही कळलं. ती उठली, आल्पोजवळ गेली, दोन बोटं त्याच्या कानशिलावर ठेवली. मग अगदी हळू विचारलं, "डोळ्यांपुढे काही आलं होतं का?"

त्याने खिडकीकडे तोंड फिरवलं.

"आल्पो."

"गेल्या आठवड्यात. डाव्या डोळ्यावरून पडदा उतरला, राखाडी. लाकडं फोडत होतो. ओंडक्यावर बसलो. मिनिटभराने गेला."

हिल्का वळली. मला वाटलं ओरडेल, रडेल. तिने फळीवरची गोळ्यांची बाटली काढली, पेल्यात पाणी ओतलं आणि दोन्ही त्याच्यापुढे ठेवलं. मग आत जाऊन त्याची पिशवी भरू लागली.

"किती?" आल्पोने कैसूला विचारलं.

तिने तळहातावर मोजून दिल्या. त्याने एकदम गिळल्या.

परतीच्या फेरीवर तो आमच्याबरोबर होता. फेरीच्या कप्तानाने त्याला वर बोलावलं, तर म्हणाला, "आज मला वाट दाखवतायत, मी प्रवासी." कैसू पूर्ण वाट रेलिंगला धरून उभी होती. माझ्याशी एक शब्द नाही. माझ्यावर रागावली असावी. आणखी लवकर दिसायला हवं होतं मला.

संध्याकाळी त्याला वॉर्डात शिरेतून औषध सुरू झालं.

२४ जानेवारी

आल्पोचा डोळा शाबूत आहे. नेत्रतज्ज्ञ म्हणाले, आणखी आठवडाभर गेला असता तर सांगता आलं नसतं.

कैसूने आज चारही शहरांना फोन करून अभ्यास थांबवला. पुढे ढकलला नाही, थांबवला. ताम्पेरेच्या डॉक्टरचा आवाज फोनमधून दाराबाहेर येत होता. ती 'हो', 'खरं आहे', 'तुझं बरोबर आहे' एवढंच म्हणत होती. मग बाहेर येऊन सगळ्यांना ज्येष्ठमधाच्या खारट, चघळायच्या गोळ्या वाटल्या. अंतेरोला त्या आवडत नाहीत, तरी त्याने खाल्ली.

८ फेब्रुवारी

आज ख्रिस्ती उपवासांआधीच्या सणाचे मलईचे बन खाल्ले. पोटात दगड झालाय.

काम सुरू झालं. दहा जनुकं निवडली आहेत, त्यांतून खरोखर स्थिर कोणती ते शोधायचं. निरोगी रक्त, नुकत्याच भडकलेल्या रोग्यांचं पहिल्या गोळीच्या आधी घेतलेलं, गोळ्या चालू असलेल्यांचं, साध्या सर्दी-तापाचंही. सगळ्यांत अवघड ते पहिल्या गोळीच्या आधीचं. कानशील दुखत आलेल्या माणसाला आम्ही रक्तासाठी तासभरही थांबवू शकत नाही. कैसूने वॉर्डात सांगून ठेवलंय, माणूस आला की मला फोन, मी आले तर आले, नाही तर औषध द्या. फोन आला की ती कोट न घालता अंगण ओलांडून धावते. चौसष्ट वर्षांची बाई, बर्फावरून, हातात नळ्या.

४ मार्च

अंतेरोने सूत्र बसवलं. तर्क सरळ आहे: दोन जनुकं खरोखर स्थिर असतील तर कुठल्याही रक्तात त्यांचं एकमेकांशी प्रमाण बदलता कामा नये. प्रत्येकाची प्रत्येकाशी जोडी लावायची, जे जनुक सगळ्यांत जास्त डगमगतं ते काढायचं, पुन्हा जोड्या लावायच्या. शेवटी उरते ती सगळ्यांत स्थिर जोडी.

शेवटी उरले गॅपडीएच आणि पेशीचा सांगाडा बांधणारं बीटा-ॲक्टिन.

मी खुर्चीत बसूनच राहिले. म्हणजे जानेवारीपासून मी सगळ्यांना उगाच पळवलं? आल्पो सोडला तर? अंतेरोही गार पडला. "आकडे तर हेच म्हणतायत," एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

कैसूला सांगायला गेले तेव्हा मला वाटलं, हिची आता सुटका झाली. जुनं माप बरोबर ठरलं, बारा वर्षं वाचली. अभ्यास पुन्हा सुरू करता येईल. कोणीही हा कागद उचलून कपाळाला लावला असता.

तिने तो वाचला आणि फळ्यापाशी गेली. "पेशी खवळली की ॲक्टिन काय करतं?"

"पेशी आकार बदलते, हलायला लागते. त्याला ॲक्टिन लागतं. म्हणजे वाढतं."

"आणि गॅपडीएच?"

"वाढतं."

"दोघं एकाच वेळी, एकाच कारणाने. मग त्यांचं आपसातलं प्रमाण कशाला बदलेल? दोन चोर एकमेकांची साक्ष देतायत, मारित, आणि तुम्ही दोघं त्यांना सोडून देताय."

अंतेरो कपाळावर हात मारून हसायला लागला. मलाही हसू आलं, जरा उशिरा.

"स्वतःला वाचवणारा आकडा आला," ती फळा पुसत म्हणाली, "की त्याला दुप्पट तुडवायचं."

ती स्वतःविषयी बोलत नव्हती. सूत्राविषयी बोलत होती. पण घरी येताना मला सारखं वाटत होतं की मी आज काहीतरी मोठं बघितलं आणि ते नेमकं काय ते मला सांगता येत नाही.

२२ मार्च

आता प्रत्येक नमुन्यात पेशी मोजून घेतो आणि माणसाच्या रक्तात मुळी नसलेला, बाहेरचा, ठाऊक वजनाचा आरएनए, म्हणजे जनुक चाललं की त्याची जी प्रत निघते तसला रेणू, टाकतो. साक्ष देणारा परगावचा. त्याच्याशी ताडलं की गॅपडीएच आणि ॲक्टिन दोघंही उघडे पडतात. शिवाय एका कामाची दोन जनुकं एका जोडीत घ्यायची नाहीत हा नियम केला.

चार जनुकं तग धरून आहेत. एक सर्दीवाल्यांत डळमळतं.

१९ एप्रिल

तीन उरली. नावं रुक्ष आहेत, अक्षरांचे तुकडे नुसते. एक पेशीच्या भट्टीतलं, एक जनुकांच्या वाचनाची सुरुवात करून देणारं, एक टाकाऊ माल परत वापरात आणणारं. एकमेकांना ओळखत नाहीत. एकट्यावर विसंबायचं नाही, तिघांची मिळून सरासरी काढायची. एक कुठे हललं तर बाकी दोघं सांभाळतात. भडकलेलं रक्त, शांत रक्त, सर्दीचं रक्त, रेघ हलत नाही. मी प्रिंट काढून भिंतीवर लावला. इतकं कंटाळवाणं चित्र मी आयुष्यात इतक्या आनंदाने बघितलेलं नाही.

मग ज्याची भीती होती ते केलं. जुने नऊ जण नव्या मापाने मोजले. आल्पोचं ऑक्टोबरमधलं रक्त धुमसत होतं, स्पष्ट. पण तेवढंच नाही. नव्या मापाने बघितलं तर दाहाचं ते जनुक खरोखर शांत असलेल्यांतही कधी कधी वर आहे. म्हणजे तपासणीच कच्ची आहे. माप दुरुस्त करून ती वाचत नाही.

कैसूने विचारलं, "खात्री?"

"हो."

"बरं झालं साठ जणांना घ्यायच्या आधी कळलं," ती म्हणाली, आणि खिडकीतल्या झाडांना पाणी घालायला गेली. त्या झाडांना मी सकाळीच पाणी घातलं होतं.

२० मे, हेलसिंकीहून परत

संधिवाताच्या डॉक्टरांची देशभरची वार्षिक सभा. कैसूला निवृत्तीनिमित्त सन्मानाचं भाषण दिलं होतं, मुख्य सभागृहात. सगळे तपासणीच्या यशाची गोष्ट ऐकायला आले होते. तिने पहिल्याच चित्रात माझा तो जानेवारीचा कागद दाखवला, दोन फेऱ्या आधी वर आलेल्या रेघा. म्हणाली, "ही माझी तपासणी, आणि ती चुकीची आहे. का ते सांगते, म्हणजे तुमच्यापैकी जे गॅपडीएच वापरतायत ते आज घरी गेल्यावर तपासतील."

मग तिने सगळं सांगितलं, आल्पोचा पाव आणि जबडा, नाव न घेता. ताम्पेरेचा तो डॉक्टर उठला. उंच, करड्या सूटातला.

"नऊ रोग्यांची मोजणी कोणी केली? हे तेव्हाच दिसायला हवं होतं. करणाऱ्याच्या लक्षात कसं आलं नाही?"

मी तिसऱ्या रांगेत होते. मोजणी मी केली होती, प्रत्येक नळी.

कैसू म्हणाली, "मी. पद्धत माझी, मोजणी माझी, निर्णय माझा."

खरं सांगायचं तर मला वाईट वाटलं. वाईट का, राग आला. मी दोन वर्षं तिथे मान मोडून काम केलं आणि एवढ्या लोकांसमोर ती म्हणते मोजणी माझी. माझं नाव घ्यायला काय हरकत होती? आगगाडीत अंतेरोला हे म्हटलं. त्याने सँडविच खाता खाता माझ्याकडे बघितलं.

"तू खरंच रागावलीयेस?"

"का नाही रागवायचं?"

"काही नाही," तो म्हणाला. "मोहरीचा सॉस देऊ?"

पण एक लिहून ठेवते. तिचं बोलणं संपलं तेव्हा टाळ्या लगेच आल्या नाहीत. मग मागच्या रांगेतून एक तरुण डॉक्टरीण उभी राहिली, मग आणखी लोक. कैसू तोवर तारा गोळा करून पिशवीत भरत होती. तिला ते दिसलं की नाही कोण जाणे.

१४ जून

तपासणीवरचा आमचा जुना लेख मागे घेतल्याची सूचना मासिकात छापून आली. खाली एकच सही, कैसू हिएतानेन. मूळ लेखावर आम्ही पाच जण होतो. मी तिला विचारलं, बाकीच्यांची नावं का नाहीत? म्हणाली, "संपादकाला लांबलचक आवडत नाही." संपादकांचं हे काहीतरी नवीनच.

३० जून

नवा लेख गेला: दाहाच्या दुखण्यांत पांढऱ्या पेशी मोजायच्या तर संदर्भ जनुकं कोणती घ्यावी. चार पानं, कोरडाठक्क. लेखक म्हणून आधी मी, मग अंतेरो. कैसूचं नाव शेवटच्या आभारांत, वॉर्डातल्या परिचारिकांच्या खाली. मी लेखकांत घातलं होतं, तिने काढलं. दमली असावी, किंवा आता तिला या सगळ्यात रस उरला नाही. बारा वर्षं एका गोष्टीमागे घालवल्यावर होत असेल असं.

उद्यापासून ती खोलीत नसेल. निरोपाला केक होता आणि तिने भाषण करू दिलं नाही. आल्पो आणि हिल्का आले होते. त्याचं तोंड पुन्हा फुगलंय, हात कापतो. त्याने कैसूला धुरी दिलेला मासा दिला, कागदात बांधून. "मी पकडला," म्हणाला, "दोन्ही डोळ्यांनी." हिल्काने तिचा हात बराच वेळ सोडला नाही.

२६ ऑगस्ट

लेख स्वीकारला. गंमत म्हणजे त्याआधीच चार प्रयोगशाळांनी आमची तीन जनुकं कोणती ते फोनवर विचारून घेतलंय. ताम्पेरेच्या करड्या सूटवाल्यानेही. त्यांच्या क्षयाच्या अभ्यासातही गॅपडीएच हलत होतं म्हणे.

पुढचं काम म्हणजे वय. तीस वर्षांच्या रक्तात स्थिर असलेलं सत्तरीतही स्थिर असतं का? त्यासाठी म्हातारी पण एकही औषध न घेणारी माणसं हवीत. तुर्कूत अशी माणसं अस्वलांपेक्षा दुर्मीळ आहेत. वर्तमानपत्रात निवेदन दिलंय.

९ सप्टेंबर

सकाळी निवेदन बघून आलेल्यांच्या रांगेत कैसू बसली होती. हातात निवेदनाचं कात्रण, बाकीच्यांसारखंच.

"तुला फोन करून यायला काय झालं होतं?" मी म्हटलं.

"त्यात लिहिलंय, शुक्रवारी आठ ते दहा. वेळेत आलेय."

मी सगळे प्रश्न विचारले, कारण नियम म्हणजे नियम. वय, पासष्ट. औषधं, एकही नाही. सर्दी, नाही. धूम्रपान, "एकोणीसशे सदुसष्टनंतर नाही." तिने बाही वर केली. शीर बारीक, सरकणारी. पट्टा बांधताना मी ते विचारून टाकलं, मेपासून मनात होतं.

"हेलसिंकीला तू म्हणालीस मोजणी तुझी. मोजलं तर मी होतं."

"मोजपट्टी तुला कोणी दिली होती?"

"तू."

"मग." तिने तोंड फिरवलं, सुई टोचताना सगळेच फिरवतात तसं.

मला काही हे उत्तर वाटलं नाही. पण हात धरलेला असताना वाद घालता येत नाही, आणि नळी भरत होती.

नळीवर मी आकडा चिकटवला, नाव नाही. अंतेरो त्यांची सरमिसळ करतो. कोणता तिचा ते मलाही कळायचं नाही.

"किती वेळ दाबून धरू?" कापूस धरून तिने विचारलं.

"पाच मिनिटं. मग कॉफी घे, पलीकडे आहे."

ती भिंतीशी खुर्ची ओढून बसली. शेजारी यंत्र चालू होतं, कालच्या नमुन्यांची मोजणी, पडद्यावर रेघा वर चढत होत्या. मी माझ्या कामाला लागले, पण लक्ष तिच्याकडे होतं. एवढ्या काळात मी कैसूला त्या पडद्याकडे पाठ करून बसलेली बघितली नव्हती. ती खिडकीबाहेर बघत होती, रोवानच्या झाडांवर लाल फळं लगडली आहेत तिकडे. पाच मिनिटांनी तिने कापूस डब्यात टाकला, बाही खाली केली, कोट घातला.

जाता जाता दारात थांबली. मला वाटलं निकाल कधी ते विचारेल.

"पुढच्या माणसाला आत पाठवू?" ती म्हणाली.